खाकी कव्हर

परवा दुपारी जेवणं आटोपल्यावर पुस्तकाला कव्हर घालत बसले होते. भाचीचा मुलगा सात वर्षांचा होतोय, त्याला वाढदिवसाला द्यायचं पुस्तक. चित्र झाकलं की गोष्टीचं पुस्तकही शाळेचं वाटायला लागतं आणि पोरं हिरमुसतात, हे मला कळतं. पण माझा इलाज नाही. घरात पुस्तक आलं की आधी खाकी कागद. चिकटपट्टी लावायची नाही, कण्यापाशी त्रिकोणी काप द्यायचा, कव्हर घडीच्याच जोरावर बसलं पाहिजे. आणि सुरुवात मागच्या बाजूने. त्यामुळे लेखकाचा फोटो आणि त्याच्याविषयीचे चार शब्द सगळ्यात आधी आत जातात. हे मी मुद्दाम करते असं नाही. निदान आतापर्यंत तरी तसं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. "काय करतेयस, मावशी?"

सांगितलं. 'द बीएफजी' हे पुस्तकाचं नाव ऐकल्यावर ती जरा गप्प झाली.

"रोआल्ड डाल? तो कसा माणूस होता माहितेय ना तुला?"

देशी लेखकाला आपण 'ते' म्हणतो आणि परदेशी लेखकाला सरसकट 'तो', हे किती सोयीचं आहे बघा. एखाद्याबद्दल वाईट बोलायची वेळ आली, तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

तर, मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या या ब्रिटिश लेखकाविषयी मला माहीत होतं. 'न्यू स्टेट्समन' नावाच्या ब्रिटिश साप्ताहिकाशी १९८३ साली बोलताना हा गृहस्थ म्हणून गेला होता की ज्यूंच्या स्वभावातच असं काहीतरी आहे ज्याने लोक त्यांच्यावर चिडतात. हिटलर हलकट खरा, पण त्यानेही त्यांना काही उगाच धरलं नव्हतं, असंही म्हणाला. बोलण्याच्या भरात निसटलं म्हणावं, तर तीही सोय त्याने ठेवली नाही. १९९० मध्ये, म्हणजे गेला त्याच वर्षी, आपण ज्यूद्वेष्टे झालो आहोत, असं त्याने स्वतःच एका वर्तमानपत्राला सांगितलं. त्याच्या जन्मशताब्दीचं नाणं काढण्याचा विचार ब्रिटनच्या टांकसाळीने २०१४ मध्ये याच कारणाने सोडून दिला. घरच्यांनी माफी मागितली ती २०२० साली, वेबसाइटच्या एका कोपऱ्यात, फारसा आवाज न करता. आणि २०२३ मध्ये पुस्तकांतून 'जाडा'बिडा शब्द काढून नव्या आवृत्त्या आल्या, त्याचा मात्र जगभर गाजावाजा झाला. माफी मागितली एका गोष्टीची, पुसायला घेतली भलतीच.

"अगं, पैसे त्याला थोडेच जाणार आहेत?" मी म्हटलं. "तो जाऊन पस्तीस वर्षं झाली. त्याच्या पुस्तकांचे हक्क सांभाळणारी कंपनीसुद्धा २०२१ साली नेटफ्लिक्सने घेतली."

"म्हणजे नेटफ्लिक्सला."

"त्यांनाही नाही. रद्दीवाल्याकडून किलोवर आणलंय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. तिचं समाधान झालं. म्हणजे पाप काही असलंच तर ते पावतीत होतं, आणि रद्दीवाला पावती देत नाही.

फोन ठेवला आणि कव्हर अर्धवट सोडून पुस्तक चाळत बसले. मोठ्या कानांचा तो भला राक्षस. स्वप्नं पकडून बरण्यांत भरून ठेवतो आणि रात्री लांबलचक तुतारीने मुलांच्या खोल्यांत फुंकतो. आमच्याकडे लोणच्याच्या बरण्यांची रांग असायची तशी त्याच्याकडे स्वप्नांची. हे ज्याच्या डोक्यात आलं, त्याच डोक्यात दुसरंही होतं.

अर्पणपत्रिकेचं पान लागलं. ऑलिव्हिया, आणि खाली दोन तारखा. ती त्याची थोरली मुलगी. १९६२ च्या नोव्हेंबरात गोवराने गेली, सात वर्षांची होती. पुढे १९८६ मध्ये त्याने इंग्लंडातल्या आईबापांसाठी एक पत्र लिहिलं, मुलांना गोवराची लस टोचून घ्या म्हणून. त्यात त्या दिवसाची हकीकत आहे. मुलगी बरी होत आलेली. हा तिच्या पलंगावर बसून रंगीत केसाळ तारांपासून छोटे प्राणी कसे करायचे ते तिला शिकवत होता. तिने स्वतः करायची वेळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तिची बोटं तिचं ऐकत नाहीयेत. बरं वाटतंय का विचारलं तर म्हणाली, खूप झोप येतेय. तासाभरात तिची शुद्ध गेली. बारा तासांत सगळं संपलं.

पुस्तक १९८२ चं. ती मुलाखत १९८३ ची. मध्ये एक वर्ष. मला वाटायचं, दुःखाने माणूस सगळ्यांच्या बाबतीत हळवा होतो. तसं काही नसतं.

कव्हर पुन्हा हातात घेतलं तर कागदाला बोटाचा तेलकट डाग पडलेला. दुपारी चकल्या खाल्ल्या होत्या. खाकी कागदावरचा तेलाचा डाग पाहिला की मला आमच्या गावातलं एक दुकान आठवतं. साल १९७४-७५ असेल. पुढे फरसाण आणि चहा, मागे पडवी. त्याच्यासारखी शेव नंतर मी कुठेच खाल्ली नाही. झाऱ्यावर घासून पाडलेली जाड शेव, लसूण आणि ओवा घातलेली. गरम असताना पुडी बांधली की घरी पोचेपर्यंत कागद पारदर्शक व्हायचा आणि त्यातून बातम्या उलट्या वाचता यायच्या.

मागच्या पडवीत खिळ्यांना तीन कप टांगलेले असायचे. टवके उडालेले. गावातल्या काही लोकांनी त्यातच चहा प्यायचा, आपला आपण विसळायचा आणि पुन्हा खिळ्याला लावायचा. पुढच्या कपांना हात लावायचा नाही.

आमचे आजोबा, म्हणजे दादा, सेवादलातले. बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' चळवळ सुरू झाली होती आणि दादांच्या अंगात तेव्हा नुसतं वारं भरलेलं. एक दिवस ते दुकानात जाऊन मालकाशी भांडले. मालक म्हणाला, कप माझे आहेत. त्या दिवसापासून त्या दुकानाचं काहीही घरात आणायचं नाही, असा दादांनी दंडक घातला.

आजीने मान डोलावली आणि आठ दिवसांनी माझ्या हातावर पैसे ठेवले. "मागच्या गल्लीने जा. दादांना सांगू नकोस." मी दादांचा दंडक आठवून दिला तर म्हणाली, "आपण काय त्याच्याकडे बसून चहा पितोय? पुडीच तर आणायची." वर "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये" हेही ऐकवलं. तिथे कूळ विचारणारा दुकानदार होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

घरी आल्यावर शेव पितळेच्या डब्यात जायची आणि पुडीचा कागद चुलीत. संध्याकाळी दादांच्या पोह्यांवर ती पडायची. ते चमचाभर खायचे, थांबायचे. "शेव कुठली?"

"घरची."

आमच्या घरात झारा नव्हता. सोऱ्या होता, आणि त्यातून अशी शेव पडत नाही, हे दादांनाही कळत असणार. पण ते पुन्हा कधी विचारायचे नाहीत. डबा स्वतःच्या हाताने जवळ ओढायचे. दंडक तसाच, शेव तशीच, अशी आमच्याकडे चांगली चारपाच वर्षं गेली. मला ते फार गमतीचं वाटायचं. पुढे कितीतरी वर्षं मी हा किस्सा रंगवून सांगत आले, दादांचा तो "शेव कुठली?" मला हुबेहूब जमतो आणि लोक हटकून हसतात.

दुसरा भाग सांगत नाही. तो असा. सातवीत बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी माझी जिवाभावाची मैत्रीण होती. डबा आम्ही एकत्र खायचो. एक दिवस माझ्या पोळीभाजीबरोबर ती शेव होती. मी डब्याच्या झाकणात थोडी काढून तिच्यापुढे सरकवली. तिने चार काड्या तोंडात टाकल्या. "मस्तय गं. कुठली?"

घरची, असं मी म्हणू शकले असते. रोज ऐकत होते. पण मला वाटलं, एवढी चांगली शेव, तर दुकानाचं नाव सांगायला काय हरकत आहे? सांगितलं.

ती काही बोलली नाही. तोंडातला घास तिने गिळला. हातातली शेव परत झाकणात ठेवली, एकेक काडी नीट, मोजून ठेवावी तशी, आणि झाकण माझ्याकडे सरकवलं. तिचे वडील बाजारच्या दिवशी हमाली करायचे आणि दुपारचा चहा त्याच दुकानामागे प्यायचे, हे मला माहीत होतं. त्या क्षणीच नेमकं आठवलं नाही, इतकंच.

मधली सुट्टी संपायला अजून वेळ होता. ती नळावर हात धुवायला गेली.

झाकणातली शेव मी खाऊन टाकली.