गाडी नावावर झाली पंचावन्नाव्या दिवशी

बारा वर्षे मी नागपूरजवळच्या वाडीच्या एका शेठचा ट्रक चालवला. नागपूर-रायपूर, नागपूर-हैदराबाद, मधूनच जबलपूर. पगार ठरलेला, वर खर्ची आणि फेरीमागे भत्ता. माल उतरवायला उशीर झाला की मला बरंच वाटायचं. गाडीखाली ताडपत्री अंथरायची, स्टोव्हवर खिचडी टाकायची आणि ताणून द्यायची. गोडाऊनवाला म्हणाला उद्या, तर उद्या. उभ्या गाडीलाही पैसे लागतात हे कळत नव्हतं असं नाही. पण ते शेठचे होते.

2023 च्या अक्षय्य तृतीयेला, म्हणजे 22 एप्रिलला, मी स्वतःची गाडी घेतली. दहा चाकी 2518, मॉडेल 2017 चं. या आकड्यातला 25 म्हणजे गाडी आणि माल मिळून एकूण 25 टन आणि 18 म्हणजे 180 हॉर्सपॉवर. मालक अमरावतीचा, पासिंग एमएच-27. सौदा साडेतेरा लाखांत झाला. चार लाख माझे (भिशी, बायकोच्या पाटल्या आणि शेठने दिलेला हिशेब), साडेनऊ लाख फायनान्सचे, 15 टक्क्यांनी, 42 महिने. हप्ता 29 हजार 200.

गाडी बघायला मी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घेऊन गेलो होतो. मी बाहेरून रंग, बॉडी, केबिनमधली गादी बघत होतो. तो म्हणाला, "रंग काय पाहून राहिला बे? खाली घूस." त्याने चेसिसवर हात फिरवून वेल्डिंगचे जोड शोधले, हौसिंगला, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या पेटीला, कुठे तेल लागलंय का ते बोटाने पाहिलं. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि धूर किती येतो ते बघत बसला. आदल्या दिवशीच त्याने मालकाला बजावलं होतं, की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गरम इंजिन कोणाचंही चालू होते, थंड्यावर खरं कळते, असं त्याचं म्हणणं. दहा टायरांपैकी चार बाद निघाले. नवी जोडी चाळीस हजारांच्या वर, त्या मुद्द्यावर भाव पन्नास हजारांनी उतरवला. मिस्त्रीला दोन हजार आणि जेवण दिलं. या सगळ्या व्यवहारात एवढेच पैसे मला स्वस्त वाटतात.

लोखंड त्याने बघितलं, कागद मी बघायला हवे होते. तिथे मी कमी पडलो.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, आधीच्या मालकाच्या फायनान्सचा बोजा तसाच होता. कर्ज फिटलं होतं, तोंडी सगळं साफ होतं. पण फायनान्सची एनओसी आणि फॉर्म 35 आरटीओत जाऊन बोजा उतरल्याशिवाय गाडी माझ्या नावावर होणार नव्हती. ती फायनान्स कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती आणि जुनी फाईल कोणत्या शाखेत आहे हे तिथल्या कोणालाच सांगता येईना. त्या एका कागदाला 31 दिवस लागले. शिवाय गाडीवर सात ई-चलानं निघाली, साडेअकरा हजारांची. वाहनाचा नंबर टाकून मोबाईलवर दोन मिनिटांत दिसणारी गोष्ट, मी पैसे दिल्यावर बघितली. मग अमरावती आरटीओची फॉर्म 28 ची एनओसी, चेसिस नंबरचे पेन्सिलने घेतलेले छाप, मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, आणि इकडे नागपूर ग्रामीणला, एमएच-40 मध्ये, नोंद.

मला वाटलं होतं गाडीबरोबर परमिटही येतं. नाही येत. परमिट माणसाच्या नावावर असतं, नव्या मालकाला रीतसर अर्ज करावा लागतो. नॅशनल परमिटचे वर्षाचे 16 हजार 500 वेगळे. आपली गाडी मल्टीअॅक्सल असल्यामुळे नॅशनल परमिट पंधरा वर्षांपर्यंत मिळतं, साध्या दोन अॅक्सलवाल्याला बाराच. विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी गाडीबरोबर पुढे चालते, पण स्वतःच्या नुकसानीचा विमा नावावर करायला कंपनीला चौदा दिवसांत कळवावं लागतं. इथे तर पॉलिसीच मेमध्ये संपत होती, सरळ नवी काढली. या वजनाच्या गाडीला नुसती थर्ड पार्टीच 44 हजारांच्या आसपास जाते. बाकी धरून विमा एकूण साठ हजार.

हे सगळं चालू असताना गाडी वाडीला एका प्लॉटवर उभी. नागपूरचा मे महिना, केबिनचा पत्रा हात लावू देत नव्हता. अमरावतीवाला फोनवर म्हणायचा, "अरे दादा, माह्याच नावावर चालव ना, कोन इचारते?" मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. बायकोने एकच विचारलं, "कोणाला ठोकर लागली तर केस कोणावर, आणि पैसे कोण देणार?" मी गप्प बसलो. पहिला हप्ता 22 मे ला भरला, गाडी एक किलोमीटर न चालता. नावावर झाली ती जूनच्या मध्यात, पंचावन्नाव्या दिवशी. त्या दिवशी नारळ फोडला तेव्हा टायरखाली ठेवलेली लिंबं पण महाग वाटली.

गाडी चालवणं तर येतच होतं. भाडं घेणं येत नव्हतं.

पहिल्याच दलालाने विचारलं, "भाऊ, 19 टन आहे, घेता का?" जुलै 2018 मध्ये सरकारने अॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, त्यामुळे नव्या दहा चाकी गाड्या साडेअठ्ठावीस टनांना पास असतात. माझ्या आरसीवर 25 च आहेत. गाडीचं स्वतःचं वजन नऊच्या आसपास, म्हणजे हातात उरतात सोळा. भाडं टनावर असतं, त्यामुळे नव्या गाडीवाला माझ्यापेक्षा तीन टन जास्त कमावतो आणि रस्ता तोच, डिझेल जवळपास तेवढंच. तीन टन वर घ्यायचे तर कायद्यात दंड 20 हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. म्हणजे 26 हजार. वर जादा माल तिथेच उतरवून घ्या. शेठकडे असताना ओव्हरलोड भरून निघालो तर चलान शेठच्या खात्यात जायचं. आता धरमकाट्यावर, म्हणजे वजनकाट्यावर, मी स्वतः उतरून आकडा बघतो.

पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब मी डोक्यात ठेवला होता. बायकोने तो वहीत उतरवला आणि मला समोर बसवलं. रायपूरची एक फेरी धरा. जाताना वाडीच्या गोडाऊनमधला किराणा माल, साडेचौदा हजार. येताना रायपूरजवळच्या सिलतऱ्याहून सळई, साडेसतरा हजार. झाले 32 हजार. सहाशे किलोमीटरला, चारच्या अॅव्हरेजने, दीडशे लिटर डिझेल, म्हणजे 14 हजार. टोल, दलाली, वारई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), खर्ची मिळून सात. टायर आणि ऑइलसाठी बाजूला तीन. उरले आठ. हप्ता, विमा, परमिट, टॅक्स यांची महिन्याची बेरीज 37 हजार, गाडी चालो न चालो. दिवसाला साडेबाराशे रुपये.

फेरी चार दिवसांत झाली तर महिन्यात सात फेऱ्या, 56 हजार, हातात 19. फेरीला आठ दिवस लागले तर जेमतेम तीस येतात आणि हप्त्यासाठी कोणाकडे तरी हात पसरावा लागतो. रस्त्यावर माझे दोन्ही बाजूंचे मिळून अठरा-वीस तास जातात. बाकीचे सगळे दिवस भरती, खाली (म्हणजे माल उतरवणं), रिटर्न भाड्याची वाट आणि नो-एंट्री सुटायची वाट यात.

"आणि यात तुमचा पगार कुठे धरला?" तिने विचारलं. "शेठकडे बावीस मिळायचे."

मग आम्ही वहीत एक रकाना वाढवला. तारीख, भाडं, डिझेल, टोल याच्या पुढे 'उभी'. जितके दिवस गाडी चाक न हलवता राहिली तितके त्यात लिहायचे, कारण शेजारी. त्या रकान्याने मला जे शिकवलं ते बारा वर्षांच्या स्टिअरिंगने नाही शिकवलं. एक म्हणजे, जवळची भाडी दिसायला सोपी, पण प्रत्येक भाड्यामागे एक भरती आणि एक खाली असतेच, मग ते दोनशे किलोमीटरचं असो की पाचशेचं. हैदराबाद पाचशे किलोमीटर आहे, पण महिन्याकाठी रायपूरपेक्षा जास्त देऊन जातं. दुसरं, दर विचारण्याआधी खाली कुठे होणार आणि कोणत्या वारी पोहोचणार ते विचारायचं. शनिवारी दुपारनंतर पोहोचणारा माल टनामागे शंभर जास्त देत असला तरी मी सोडतो. सोमवारी हमाल येणार, तेही आधी उभ्या असलेल्या गाड्यांना लागणार.

समृद्धी महामार्गाचंही असंच विचारतात लोक, मुंबईकडचं भाडं आलं तर तिकडूनच जात असशील ना म्हणून. रस्ता झकास आहे, वाद नाही. पण टोल खिशातून जातो आणि वाचलेले तास भिवंडीत गोडाऊनच्या दारात लाईन लावण्यात जाणार असतील तर काय उपयोग? दुसऱ्या दिवशी सकाळी खाली होणारच असं पक्कं असेल तेव्हाच मी नागपूरजवळच्या शिवमडक्याहून चढतो.

दोन ठिकाणी ठोकर खाल्ली, तीही सांगतो. पहिल्या पावसात सळई घेऊन येताना बाघनदी ओलांडून देवरीच्या अलीकडे मागच्या कमानीचा (स्प्रिंगचा) पाटा तुटला. मिस्त्री मिळून पाटा बसेपर्यंत दुसरा दिवस संपत आला. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन कागदाची, मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस, म्हणजे माझी दोन दिवसांची, आणि ती त्या रात्री बारा वाजता संपत होती. मला वाटलं मुदत माल पाठवणारी पार्टीच वाढवू शकते, म्हणून फोन लावत बसलो, पार्टी झोपलेली. मुदत ट्रान्सपोर्टरलाही वाढवता येते, संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, हे मला शेजारी थांबलेल्या एका भिलईच्या ड्रायव्हरने सांगितलं. रात्री एक वाजता रायपूरच्या ट्रान्सपोर्टरला उठवून ते करून घेतलं. त्याने शिव्या दिल्या. दिल्या तर दिल्या.

दुसरी ठोकर पैशाची. एका दलालाने सुरुवातीच्या चार भाड्यांतून 20 टक्के टीडीएस कापला. मी त्याला पॅनच दिलं नव्हतं, कोणी मागितलं नाही म्हणून. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाने पॅन आणि एक साधं घोषणापत्र दिलं तर टीडीएस कापायचाच नसतो. आता पॅनची झेरॉक्स आणि घोषणापत्राच्या वीस प्रती केबिनमध्ये असतात. त्या दलालाकडे बाकी भाडंही अडकलं होतं. पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही केलेली पावती, मिळाली नाही म्हणे. पोच मी त्याच्या टेबलवर ठेवून आलो होतो. तेव्हापासून पोच देताना आधी मोबाईलवर फोटो काढतो, त्यात समोरच्याचा सही केलेला हात आला पाहिजे.

आयकराचा रिटर्न भरताना सीएने एक मजा सांगितली. आयकराच्या नियमाप्रमाणे बारा टनांवरच्या गाडीचं उत्पन्न टनामागे महिन्याला हजार रुपये धरतात. माझे 25 टन, म्हणजे महिन्याला 25 हजार, वर्षाला तीन लाख. गाडी प्रत्यक्ष चालली की नाही याच्याशी त्याला घेणं नाही, नावावर असली की पुरे. मी म्हटलं, म्हणजे उभी गाडी कमावते असं मानणारं जगात कोणीतरी आहे तर.

जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमातल्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडलं, तेव्हा मीही गाडी लावून टाकली. वहीत कारणाच्या जागी काय लिहायचं यावर घरी बरीच चर्चा झाली. ड्रायव्हर म्हणून मी संपावर होतो आणि मालक म्हणून माझे दिवसाला साडेबाराशे जात होते. बायकोने "संप (स्वतःचाच)" असं लिहिलं.

आता चौदा हप्ते बाकी आहेत. यंदा गाडीला आठ वर्षे झाली, त्यामुळे फिटनेस दोन वर्षांवरून दरवर्षीचा झाला. दोन थेट पार्ट्या मिळाल्यात, एक बुटीबोरीची, एक कळमन्याची, त्यामुळे निम्म्या भाड्यांना दलाली लागत नाही. चांगल्या महिन्यात घरी तीस येतात, वाईट महिन्यात बारा-पंधरा. शेठ मध्ये भेटले होते, म्हणाले परत येतो का, पंचवीस देतो. चहा पिऊन आलो.

पोळ्याच्या महिन्याचा हिशेब काल बायकोने वाचून दाखवला. 'उभी' सहा दिवस. मी बोटांवर मोजले तर आठ भरत होते. तिला विचारलं, तर म्हणाली, एक पोळ्याचा आणि एक दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीचा, ते धरले नाहीत. पोळ्याच्या दिवशी पोराने बोनेटला आंब्याचं तोरण बांधलं होतं आणि दोन्ही आरशांना फुगे. बैल जुंपत नाहीत त्या दिवशी.