आजीची कॅसेट आणि साडेतीन महिने

वाईचं घर विकलं. बंब, घंगाळ, पितळी डबे भावंडांत आठवडाभरात वाटून झाले. आईच्या सुती साड्यांच्या चार गोधड्या शिवून घेतल्या. जातं शेजारच्या काकूंना दिलं. आळीत लग्न निघालं की हळद दळायला लागतंच. सगळं सुटलं, अडकलं ते एका कॅसेटपाशी.

1988 साली आत्यानं टेपरेकॉर्डर जात्याजवळ ठेवून आजीच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आमच्या आजीकडे मात्र कुणी आलं नव्हतं. तिचा आवाज एवढ्या एका कॅसेटमध्येच.

पुण्यातल्या एका दुकानात ती डिजिटल करायला दिली. "आठ दिवसांनी या." आठ दिवसांनी मशीन बिघडलेलं. महिन्यानं कारागीर गावाला. मग फोन उचलेनात. चौथ्या खेपेला म्हटलं, आधी माझी कॅसेट दाखवा. काउंटरखालच्या खोक्यातून काढली, कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटखालून. डबी गायब, आत्याच्या अक्षरातली चिठ्ठी अर्धी सुटलेली. माझे हात थरथरत होते. अहो, नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घ्यायला नव्वद मिनिटंच लागतात! त्याला साडेतीन महिने?

शेवटी फाइल मिळाली, ती एकाच बाजूची. "दुसरी बाजू कोरी आहे," म्हणाले. कोरी कशी असेल? त्यांनी ती उलटून लावलीच नव्हती.

कॅसेट घरी आणली. मैत्रिणीकडून टेपरेकॉर्डर आणला, त्याच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला जोडली, ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं आणि एका दुपारीत दोन्ही बाजू भरल्या. हे आधीच का केलं नाही, याची हळहळ अजून जात नाही.

वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे, मग मागे फिरवून घ्या. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर लावूच नका, जाणकाराला दाखवा. फाइल वेव्ह (WAV) या, आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात ठेवा. मिनिटाला साधारण दहा एमबी जागा खाते, खाऊ दे. नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री पुरते. दुकानात द्यायचीच असेल तर पावतीवर "दोन्ही बाजू" असं लिहून घ्या. आणि हो, सगळ्यात आधी कडेच्या त्या दोन प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडा, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरणार नाही. फाइल शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मूळ कॅसेट टाकू नका. माझी अजून कपाटात आहे.

आत्याला ऐकवायला फोन घेऊन गेले. दुसऱ्या बाजूला, चौदाव्या मिनिटाच्या आसपास, जात्यात दाण्यांची वैरण घालायला आजी थांबते. घरघर बंद होते, बांगड्या वाजतात, आणि ती मला हाक मारते, "बाळा, सूप आण गं इकडं." मी तेव्हा सहा वर्षांची होते. आत्या म्हणाली, "मागं घे, परत लाव."