चारशे बारा पात्रे आणि एक देवचार

गेली चार वर्षे दर रविवारी रात्री आम्ही सहा जण फाउंड्री व्हर्च्युअल टेबलटॉपवर, म्हणजे पात्रांच्या भूमिका घेऊन कथा खेळण्याच्या संगणकीय मंचावर, खेळतो. खेळ मी फोंड्याहून चालवतो. दोघे म्हापशाचे, एक डिचोलीचा आणि उरलेले दोघे नोकरीनिमित्त पुण्यात असतात. कथानक कदंबांच्या गोव्यात घडते, अकराव्या शतकात राजधानी चांदोरहून गोपकपट्टणाला, म्हणजे आजच्या गोवा वेल्हा परिसरात, हलवली गेली त्या सुमारास. बंदरावरचे व्यापारी, अरब खलाशी, घाटावरून उतरणारे तांडे असे करता करता माझ्याकडे ४१२ पात्रे जमली होती आणि त्यांतील तीनशेहून अधिक कोणत्याही फोल्डरविना एकाखाली एक पडून होती. खेळ रंगात आला असताना होडीवाल्याचे पात्र शोधत मी यादी वरखाली करत राही आणि पलीकडून कोणीतरी "होडी बुडली काय रे?" असे विचारी.

जुलैत पावसामुळे सलग दोन रविवार खेळ झाला नाही, तेव्हा ही पात्रे फोल्डरांत लावण्याचे काम एआय सहायकाकडून करून घ्यायचे ठरवले. सर्वप्रथम फाउंड्री बंद करून आमच्या खेळाच्या जगाच्या संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवली. ही खबरदारी मला अद्दल घडल्यावर आलेली आहे. फोल्डरवर उजवी टिचकी मारली की तो नुसता काढून टाकण्याचा आणि आतल्या सर्व गोष्टींसकट काढून टाकण्याचा, असे दोन पर्याय दिसतात; पहिल्याने आतली पात्रे शाबूत राहतात, दुसऱ्याने जातात. मी एकदा घाईत दुसरा निवडून २६ व्यापारी गमावले होते.

एक छोटा मॅक्रो (फाउंड्रीत चालणारी छोटी आज्ञावली) लिहून प्रत्येक पात्राचे नाव आणि त्याचा सोळा अक्षरांचा ओळखक्रमांक एवढीच यादी काढली, ती सहायकाला दिली आणि फोल्डरांची रचना सुचवायला सांगितले. त्याने काळ, प्रदेश, गाव, वाडा, कुटुंब आणि व्यक्ती अशी सहा पातळ्यांची सुबक उतरंड मांडली. फाउंड्रीत फोल्डरात फोल्डर चार पातळ्यांपर्यंतच ठेवता येतात (अकराव्या आवृत्तीपूर्वी तर तीनच होत्या), त्यामुळे ती रचना तशीच बाद झाली. शिवाय खेळ चालू असताना मी कुटुंबावरून कोणाला शोधत नाही, जागेवरून शोधतो. म्हणून मीच ठरवले की वरच्या पातळीवर दिवाडी, गोपकपट्टण बंदर, चांदोर आणि घाट, त्याखाली माणसे, जनावरे आणि अमानवी, आणि त्यापुढे काही नाही.

ही चौकट दिल्यावर काम सुरळीत होईल असे वाटले होते. प्रत्यक्षात ४१२ पात्रांच्या बदल्यात ३९३ परत आली. उरलेली १९ सहायकाने गुपचूप गाळली होती आणि एक ओळखक्रमांक तर स्वतःच रचला होता. तेव्हापासून मी साठ-साठ पात्रांचे गट करून देऊ लागलो आणि परत आलेला प्रत्येक क्रमांक मूळ यादीत आहे की नाही हे मॅक्रोकडूनच ताडून पाहू लागलो. पात्रे फोल्डरात हलवण्यासाठी त्याने लिहून दिलेला मॅक्रोही पहिल्यांदा चालला नाही, कारण त्यातील माहितीची मांडणी फाउंड्रीच्या दहाव्या आवृत्तीपूर्वीची होती. लाल अक्षरांतला त्रुटीसंदेश जसाच्या तसा त्याला दाखवल्यावर मात्र त्याने दुरुस्ती लगेच केली.

खरा वेळ गेला तो नावांत. मी कुठे 'कदंब' तर कुठे 'कदम्ब' लिहिले होते, 'गोपकपट्टण' आणि 'गोपकपट्टन' दोन्ही होते. सहायकाने ती वेगळी मानून बंदराचे दोन फोल्डर सुचवले, आणि त्यात दोष माझाच होता. 'देवचार' हे पात्र त्याने देवतांमध्ये बसवले, तर 'राखणदार' राक्षसांमध्ये. नावातला 'देव' पाहून त्याने तसे केले असावे, पण आमच्याकडे देवचार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा, रात्री काठी टेकत फिरणारा. त्याला लोक चपला वाहतात आणि त्याची भीतीही बाळगतात. तो देवळातल्या देवांच्या पंक्तीत बसत नाही आणि भुतांच्याही नाही. मी तसे सविस्तर लिहून कळवल्यावर सहायकाने 'संरक्षक भूत' असा नवा फोल्डर सुचवला, तो मी नाकारला. आता 'अमानवी'खाली 'राखणे' असा छोटा फोल्डर आहे, त्यात देवचार आणि राखणदार शेजारी शेजारी आहेत.

पात्रांचे काम तीन संध्याकाळींत संपले. फाउंड्रीत पात्रे, वस्तू, दृश्ये आणि जर्नल (टिपणे) यांचे फोल्डर वेगवेगळे असतात, त्यामुळे तीच चौकट उरलेल्या ठिकाणी पुन्हा उभारावी लागली. दृश्यांना फार वेळ लागला नाही, कारण ती मुळातच जागांच्या नावांची होती. वस्तूंची यादी मी अजून सहायकाला दिलेली नाही. तिच्यात 'तलवार' या एकाच नावाच्या अकरा नोंदी आहेत, त्यांतली कोणती कोणाची हे नावावरून त्यालाही कळणार नाही, आणि एकेक उघडून पाहिल्याखेरीज मलाही सांगता येणार नाही.