आधी माइक तोला, मग आर्म निवडा

घरच्या स्टुडिओत माइकचा आर्म दोन कामांसाठी लागतो. माइक तोंडाजवळ आणायचा, आणि टेबलाचे धक्के त्याच्यापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. दुसरं काम बहुतेक स्वस्त आर्म धड करत नाहीत, ते आपल्यालाच करून घ्यावं लागतं. पहिलं काम होईल की नाही, हे आर्मच्या किमतीपेक्षा माइकच्या वजनावर ठरतं. त्यामुळे ऑनलाइन ऑर्डर देण्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. घरी नसेल तर खालच्या किराणावाल्याकडचा इलेक्ट्रॉनिक काटाही चालतो. माइक, शॉक माउंट (माइकला धक्क्यांपासून जपणारी लवचीक बैठक), पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’च्या फुंकरा अडवणारी जाळी), आणि आर्मवर चढणारी साधारण मीटरभर केबल असं सगळं एकत्र तोला. केबल विसरायची नाही, साध्या एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक) केबलचंही मीटरला ५०-६० ग्रॅम वजन भरतं.

जवळ आणणं एवढं महत्त्वाचं का, तर आपल्या खोल्यांमुळे. ठाणे-नवी मुंबईतली नेहमीची बेडरूम म्हणजे खाली गुळगुळीत फरशी, वर उघडा स्लॅब आणि एका बाजूला काचेची सरकती खिडकी. आवाज घुमतो. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलनं उतरतो, खोलीतला घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. कंडेन्सर (जास्त संवेदनशील) माइक एक वीत आणि डायनॅमिक (कमी संवेदनशील) माइक चार बोटं अंतरावर आला, तर भिंतींना फोम न लावताही रेकॉर्डिंग बरंच स्वच्छ येतं. टेबलावरच्या छोट्या तिपाईवर माइक ठेवून हे अंतर साधत नाही, माणूस वाकून बोलायला लागतो.

आता नेहमीच्या माइकांच्या वजनांकडे. शुअर एसएम५८ साधारण ३०० ग्रॅमचा आहे आणि ऑडिओ-टेक्निका एटी२०२० ३४५ ग्रॅमचा. ब्लू यती स्टँडशिवाय ५५० ग्रॅम, शुअर एसएम७बी ७६५ ग्रॅम आणि रोड कंपनीचा पॉडमाइक तब्बल ९३७ ग्रॅम. स्प्रिंगचा आर्म ठरावीक वजनपट्ट्यातच तोल धरतो. रोडच्या जुन्या पीएसए१ आर्मचा पट्टा ७०० ग्रॅम ते १.१ किलो होता. म्हणजे त्या महागड्या आर्मवर एसएम५८ एकटा लावला तर आर्म वर उचलला जाणार, आणि त्यात आर्मचा दोष काहीच नाही. यामागचं तत्त्व १९३२ सालचं आहे. जॉर्ज कारवर्डाइन या इंग्रज इंजिनिअरनं स्प्रिंगांच्या तोलावर कुठेही थांबणाऱ्या दिव्याचं पेटंट घेतलं, आणि आजचे कात्रीसारखे आर्म त्याच कल्पनेवर चालतात. स्प्रिंगचा ताण आणि टोकाचं वजन जुळलं की आर्म सोडाल तिथे थांबतो. जुळलं नाही की लोक नॉब पिळत बसतात, आणि काही दिवसांत प्लास्टिकचा नॉब तडकतो.

एनबी-३५ नावानं मिळणारा आर्म बहुतेकांनी पाहिलेला असतो. हजार रुपयांच्या आत येतो, सोबत क्लॅम्प, साधा शॉक माउंट आणि पॉप फिल्टर. ३०० ते ६०० ग्रॅमच्या माइकसाठी तो घ्यायला माझी हरकत नाही. जाहिरातीत याहून बरंच जास्त वजन लिहिलेलं असतं, पण पॉडमाइकसारखा माइक लावला तर आर्मचा हात पूर्ण पसरल्यावर तो हळूहळू खाली येतो. जड माइकवाल्यांनी तो पर्याय सोडून द्यावा आणि पुढे सांगितलेला बूम स्टँड, म्हणजे आडव्या दांडीचा जमिनीवरचा स्टँड, पाहावा.

माइक हलका असल्यामुळे आर्म वर उचलला जात असेल तर एखादी स्प्रिंग काढायचा मोह होतो. जोडीतली एकच स्प्रिंग काढली की हात एका अंगाला पिळतो आणि सांध्याचं भोक झिजतं. त्यापेक्षा टोकाशी वजन वाढवा. एम-१२ चे स्टीलचे नट हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात, एक नट साधारण १५-१७ ग्रॅमचा. शॉक माउंटच्या मागच्या बाजूला एकेक करून कापडी टेपनं बांधत जा. नॉब सैल ठेवूनही हात जागेवर थांबला की तोल जुळला. मग सगळे नट एकत्र घट्ट गुंडाळा, नाहीतर ते एकमेकांवर वाजतात आणि तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो.

उघड्या स्प्रिंगा हा या आर्मचा दुसरा त्रास. टेबलावर हात आपटला की स्प्रिंग झंकारते, बारीक ‘टिंग’ असा आवाज बराच वेळ टिकतो. स्प्रिंगच्या पोकळीत पातळ स्पंजची पट्टी ओवली की तो झंकार मरतो. पट्टी तारेच्या आकड्यानं ओढून घ्यायची, आणि ती आतून सगळीकडे हलकी टेकेल एवढीच जाड हवी. स्प्रिंग ताणायला जड जाईल एवढं कोंबू नका. सांधा कुरकुरत असेल तर तिथे व्हॅसलीन किंवा सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर कुरकुर दोन दिवस थांबते आणि परत येते, तो वंगण म्हणून टिकत नाही. आर्मसोबत आलेली बारीक केबल मी सरळ काढून टाकायला सांगेन. आपली एक्सएलआर वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधा आणि प्रत्येक सांध्यापाशी तळहाताएवढा सैल झोळ सोडा. केबल ताणलेली असेल तर तोल कितीही जुळवा, हात केबलच्या ओढीनं सरकतच राहणार.

क्लॅम्प आणि टेबल

आपल्याकडची बहुतेक कॉम्प्युटर टेबलं पार्टिकल बोर्डची. क्लॅम्पचा स्क्रू खालून एवढ्याशा चकतीवर टेकतो आणि बोर्डात रुततो, कडेचा लॅमिनेट पापुद्रा सुटतो, मग आर्म पुढे झुकायला लागतो. १२ मिलिमीटर प्लायवूडचे १० बाय १० सेंटिमीटरचे दोन तुकडे कापून घ्या, एक वर आणि एक खाली ठेवून मग क्लॅम्प आवळा. आधी क्लॅम्पचा जबडा किती उघडतो ते मोजा. टेबलाची जाडी अधिक २४ मिलिमीटर त्यात बसायला हवी. कापून उरलेले तुकडे सुताराकडे बहुधा फुकटच मिळतात.

प्लायखाली रबर घातलं तर धक्के थांबतील, असं सर्रास सांगितलं जातं. पातळ, कडक रबरानं फारसं काही थांबत नाही, आणि जाड मऊ रबर घातलं तर आर्मच डुलतो. कीबोर्ड ज्या टेबलावर आहे त्या टेबलाला आर्म न लावणं हाच खरा उपाय. खिडकीची ग्रॅनाइटची चौकट जबड्यात मावत असेल तर ती उत्तम जागा, जड आहे आणि टेबलापासून वेगळी आहे. रस्त्याचा आवाज येईल अशी भीती वाटते, पण घोडबंदर रोडच्या किंवा सायन-पनवेल महामार्गाच्या बाजूची खिडकी असली तरी खिडकीकडे तोंड करून बसा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या, माइकची पाठ मग आपोआप खिडकीकडे येते, आणि पाठीमागून तो सगळ्यात कमी ऐकतो. खिडकीवर जाड पडदा मात्र पाहिजेच. सुपरकार्डिऑइड (समोरचा त्याहून अरुंद पट्टा ऐकणारा) माइक असेल तर त्याची बहिरी जागा बरोबर मागे नसून साधारण १२५ अंशांवर असते, त्यामुळे तो थोडा तिरका धरावा लागतो.

टेबल बदलता येत नसेल तर उरलेला धबधब आवाज फिल्टरनं काढा. ऑडॅसिटी या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये हाय-पास (खालचे सूर कापणारा) फिल्टर ८० हर्ट्‌झला लावला की बोलण्याचं फारसं काही जात नाही. खर्जातला पुरुषी आवाज असेल तर ७० ठेवा.

आटे: इथेच सगळे अडकतात

माइक स्टँडचे आटे ५/८ इंचाचे, म्हणजे पाच सूत, आणि इंचाला २७. हार्डवेअरच्या दुकानातला पाच सुती बोल्ट इंचाला ११ आट्यांचा असतो, तो कधीच बसणार नाही. जांभळी नाक्यावर किंवा वाशीत दहा दुकानं फिरलात तरी २७ आट्यांचा नट मिळणं कठीण. सोपा मार्ग असा: ५/८ वरून ३/८ किंवा १/४ वर आणणारा पितळी अडॅप्टर ऑनलाइन घ्या, आणि पुढचं काम साध्या इंची बोल्टनं करा. तीन सुती बोल्टला इंचाला १६ आटे आणि दोन सुतीला २०, म्हणजे स्टँड आणि कॅमेरा ट्रायपॉडचंच माप. दुकानदार ‘तेच आहे’ म्हणून एम-१० किंवा एम-६ देईल, ते घेऊ नका. एम-१० तीन सुती आट्यात शिरतच नाही. एम-६ दोन सुतीत सैल शिरतो, एक-दोन फेरे धरतो आणि नेमका माइक लावल्यावर सुटतो. वेगळंच काही माप हवं असेल तर वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला लेथवाला सुटा तुकडाही कातून देतो, फक्त नमुना सोबत न्या.

घरातल्या वस्तूंचा आर्म

ड्रॉइंगच्या टेबलावरचा जुना स्प्रिंगचा दिवा असेल तर तो पहिला पर्याय. प्लग काढा, दिव्याचं डोकं सोडवा आणि ते डोकं तोला. तेवढंच वजन हा हात पेलतो, अंदाज करत बसायची गरज नाही. डोकं ३०० ग्रॅमच्या आसपास भरलं तर एसएम५८ किंवा तशाच डायनॅमिक माइकला हात योग्य आहे. आतली वीजतार पूर्ण ओढून काढा, अर्धवट कापून ठेवू नका. डोकं जिथे बसायचं तिथल्या भोकातून दोन सुती बोल्ट घाला, दोन्ही बाजूंना वायसर, मागून नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) नट, पुढे अडॅप्टर.

जुन्या सिडको इमारतींत आणि ठाण्यातल्या कितीतरी घरांत हॉलच्या स्लॅबला झोपाळ्याच्या कड्या असतात. माझ्या मते त्याहून चांगला माइक आर्म नाही. टेबलाशी संबंध नाही, जमिनीशी नाही, आणि दीड मीटर दोरीला टांगलेला माइक एक झोका घ्यायला जवळपास अडीच सेकंद घेतो, त्यामुळे स्लॅबमधून येणारी आडवी थरथर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ३-४ मिलिमीटरची नायलॉनची दोरी घ्या. एकाच दोरीवर माइक गरगरतो, म्हणून दोन कड्यांतून दोन दोऱ्या व्ही आकारात खाली आणा आणि शॉक माउंटच्या कड्याला बांधा, माइकच्या अंगाला किंवा केबलला नाही. स्लॅब साडेनऊ फुटांवर आणि बसल्यावर तोंड चार फुटांवर धरलं तर उभं अंतर साडेपाच फुटांचं. कड्या एकमेकींपासून लांब असल्यानं दोरी त्याहून बरीच जास्त लागते, शिवाय सरकगाठीसाठी दोन फूट सोडा. पंखा बंद ठेवावा लागतो, एवढी एकच अडचण.

पाइपाचा बूमही होतो. पाऊण इंची यूपीव्हीसीपेक्षा ॲल्युमिनियमचा पाइप घ्या, प्लास्टिकचा मीटरभर पाइप वजनानं वाकतो. हिशेब सोपा आहे. माइक आणि शॉक माउंट मिळून ५५० ग्रॅम, टेकूपासून ६० सेंटिमीटरवर. दुसऱ्या बाजूला २० सेंटिमीटरवर १६५० ग्रॅम हवेत. एक लिटरच्या बाटलीत कोरडी वाळू भरली की साधारण १.६ किलो भरते. पाइपाचं स्वतःचं वजनही माइकच्या बाजूला जास्त असतं, म्हणून बाटली थोडी मागे सरकवून तोल साधा. पाण्याची बाटली वापरू नका, ती हलक्या धक्क्यानंही डचमळते.

विकतचा जमिनीवरचा बूम स्टँड जड माइकला सगळ्यात भरवशाचा. तीन पायांपैकी एक पाय बरोबर बूमखाली ठेवा, म्हणजे तो पुढे कलंडत नाही. पकड आवळायच्या टी आकाराच्या मुठीकडून पाहिलं तर माइकची बाजू खाली पडताना घड्याळाच्या दिशेनं फिरेल असा बूम लावा. मग माइकच्या वजनानं पकड आवळली जाते. उलटा लावला तर तेच वजन ती सैल करतं, आणि स्टँड खराब आहे असं वाटतं. पायांखाली जाड पायपुसणं टाका.

मॉनिटर लावायचा गॅस स्प्रिंगचा हात घेऊ नका. त्याला खालचीही वजनमर्यादा असते, सहसा दोन किलोच्या पुढे, त्यामुळे माइक लावला की तो वर जाऊन बसतो.

भिंतीला ब्रॅकेट मारायचा विचार असेल तर आधी भिंत ओळखा. नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. त्यात ड्रिल लोण्यासारखं शिरतं, आणि साधा ६ मिलिमीटरचा प्लास्टिक गट्टू आर्मच्या हलण्यानं काही दिवसांत बाहेर येतो. ब्लॉकसाठीचा लांब, फुगणारा गट्टू मागा. मिवान पद्धतीच्या इमारतीत भिंत अखंड काँक्रीटची असते, तिथे हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही, पण पडल्यावर काहीही टांगा.

खाडीकडच्या हवेत, ऐरोली-कोपरखैरणेपासून कळव्यापर्यंत, पावसाळ्यात स्प्रिंगांवर तांबूस डाग येतात. जूनआधी कापडाला किंचित व्हॅसलीन लावून त्या पुसून घ्या.

सगळं बसवल्यावर हेडफोन लावून एक चाचणी रेकॉर्ड करा. आधी दहा सेकंद शांत, मग टायपिंग, मग टेबलावर बोटानं ठोका, मग आर्म एका जागेवरून दुसरीकडे हलवा. ठोक्यानंतर ‘टिंग’ टिकला तर स्प्रिंगमधला स्पंज कमी पडतोय. टायपिंगचा धबधब आवाज आला तर क्लॅम्पची जागा बदला. हलवताना कटकट आली तर केबल कुठेतरी पाइपाला घासतेय, झोळ वाढवा.