झोपाळ्याला चपडा, टेबलाला पीयू

रत्नागिरीच्या घरातला सागवानी झोपाळा आणि जेवणाचं टेबल पुन्हा पॉलिशला काढलं, तेव्हा मिस्त्रींनी आधी जुनं पॉलिश कोणतं ते तपासलं. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यांनी फळीच्या खालच्या बाजूला दाबून धरला. जागा चिकट झाली, बोळा तपकिरी. म्हणजे चपड्याचं, लाखेचं पॉलिश. मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, ही कृत्रिम पॉलिशं स्पिरिटला अशी दाद देत नाहीत.

मग मिस्त्री म्हणाले, "कुठे काय सांडतं, ते सांगा." फार मोलाचा प्रश्न! सगळ्यांत टिकाऊ कोणतं, एवढंच विचारून निवड करू नये, असं माझं ठाम मत आहे. झोपाळ्यावर माणसं बसतात, चरे पडणारच. चपड्याचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, म्हणून चरा तेवढ्यापुरता बुजवता येतो. पीयू कितीतरी कडक, पण त्यावरची डागडुजी लपत नाही. बहुतेक वेळा अख्खा पृष्ठभागच घासावा लागतो. झोपाळ्याला चपडाच ठेवला.

टेबलाचं दुखणं वेगळं. चपड्यावर गरम पातेलं टेकलं किंवा पाणी साचून राहिलं की पांढरा डाग उमटतो. तिथे पीयू घेतलं. लाखेत नैसर्गिक मेण असतं आणि त्यावर पीयू नीट धरत नाही, म्हणून जुना थर पार काढला. मग १२०, १८० आणि २४० नंबरचा पॉलिशपेपर, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच. हा भाग कंटाळवाणा, पण फिनिशचं रूप इथेच ठरतं. पीयूमध्ये हार्डनर मिसळला की ते काही तासांत वापरून संपवावं लागतं. फवारताना चांगला मास्क हवाच. साधा रुमाल पुरत नाही. मेलामाइन स्वस्त पडलं असतं, पण त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतं, ते मला घरात नको होतं.

पावसाळ्यात मात्र काही केलं नाही. दमट हवेत चपडा पांढुरका पडतो. हवा कोरडी होईपर्यंत थांबलो.

उंबऱ्याला फक्त जवसाचं तेल दिलं. त्याच्या चिंध्या एकेक सुट्या करून बाहेर दोरीवर वाळवल्या. गोळा करून टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.