आमच्या जिल्ह्यातला कोलर

कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या माणसाला चेक प्रजासत्ताक म्हटलं की आधी पावेल नेदवेदच आठवतो. मी इकडे राहायला येणार हे ठरलं तेव्हा बाबांनी थंडीची, खाण्यापिण्याची चौकशी नंतर केली. ‘नेदवेदचं गाव तुझ्यापासून किती लांब?’ हे आधी विचारलं. बरंच लांब आहे. नेदवेद पार पश्चिम टोकाचा, जर्मनीच्या सीमेलगतच्या खेब भागातला. मी राहते ते पीसेक दक्षिण बोहेमियात, ओतावा नदीच्या काठावर. इथल्या दगडी पुलानं सातशे वर्षं कधीच ओलांडली आहेत. आणि या जिल्ह्याचा फुटबॉलपटू म्हणजे यान कोलर.

नाव सांगितल्यावर बाबा लगेच म्हणाले, ‘तो उंचेला? टकल्या?’

तोच. आणि माझं भांडण नेमकं याच्याशी आहे. ज्याला त्याला कोलर आठवतो तो उंचीमुळे. उंची 2 मीटर 2 सेंटिमीटर, त्यामुळे लोकांचंही फार चुकतं असं नाही. पण चेक राष्ट्रीय संघासाठी 91 सामन्यांत 55 गोल केलेल्या माणसाची ओळख ‘उंच होता’ एवढ्यावर संपवायची म्हणजे कमालच झाली. 2005 साली त्यानं आंतोनिन पुचचा विक्रम मागे टाकला. पुच म्हणजे 1934 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रोममध्ये इटलीविरुद्ध चेकोस्लोव्हाकियाचा गोल करणारा खेळाडू. सत्तरेक वर्षं टिकलेला विक्रम होता तो.

कोलरचा जन्म 1973 चा, प्रागमधला. पण वाढला तो स्मेतानोवा ल्होता नावाच्या खेड्यात. पीसेकहून उत्तरेला जाणारी छोटी रेल्वे चिमेलित्सेला थांबते, त्या बाजूला हे गाव आहे. आजूबाजूला शेतं, झाडी आणि मासळीची तळी. नाताळच्या कार्प माशांसाठी दक्षिण बोहेमियात तळीच तळी आहेत, पण तो विषय पुन्हा कधीतरी. पोरगा उंच निघाला की त्याला गोलात उभं करायचं, ही रीत कोल्हापुरातही आहे आणि इथेही. कोलर लहानपणी गोलरक्षक म्हणून तयार झाला. पुढे तो आघाडीला खेळू लागला, पण हातांना लागलेलं वळण काही गेलं नाही. ते कुठे उपयोगाला आलं ते सांगतेच.

गावाच्या टीमनंतर तो मिलेव्हस्कोच्या क्लबात गेला. क्लबाचं नाव ‘झेडव्हीव्हीझेड मिलेव्हस्को’, आणि हे झेडव्हीव्हीझेड म्हणजे हवा खेळती ठेवायची मोठी यंत्रं बनवणारा तिथला कारखाना. कारखान्यानं क्लब पोसायचा ही समाजवादी काळापासूनची इथली पद्धत. अकादमी नाही, बारा वर्षांच्या पोरावर नजर ठेवून बसलेले मोठ्या क्लबांचे दलाल नाहीत. तो स्पार्टा प्रागला पोचला तेव्हा विशी ओलांडलेली होती. आजच्या हिशेबानं हे वय म्हणजे उशीरच.

स्पार्टात काही जमलं नाही. दोन हंगामांतले त्याचे गोल हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. 1996 साली त्याला बेल्जियमच्या लोकरनला विकलं तेव्हा प्रागमध्ये कुणी फार हळहळलं असेल असं वाटत नाही. घेंट आणि अँटवर्पच्या मधलं हे छोटं शहर, क्लबही तसाच. तिथे गडी सुधारला. 1998-99 च्या हंगामात 24 गोल करून तो बेल्जियन लीगमध्ये पहिला आला. त्याच हंगामात, फेब्रुवारी 1999 मध्ये, राष्ट्रीय संघात पहिल्यांदा घेतला गेला; सामना बेल्जियमविरुद्धच, आणि एकमेव गोल कोलरचा. वयाची सव्वीस पूर्ण व्हायला आली होती. या वयात आपल्याकडचे लोक ‘आता काय होणार त्याचं’ म्हणून मोकळे झालेले असतात.

पुढे अँडरलेख्ट. सलग दोन वर्षं बेल्जियमचं विजेतेपद, 2000 साली तिथला ‘गोल्डन शू’ पुरस्कार, आणि मग 2001 मध्ये जर्मनीतलं बोरुसिया डॉर्टमुंड. चेक संघातला त्याचा सहकारी तोमाश रोसित्स्की तिथे आधीच होता. पहिल्याच हंगामात डॉर्टमुंड बुंडेसलीगा, म्हणजे जर्मन लीग, जिंकलं. त्याच मे महिन्यात रॉटरडॅमला तिथल्याच फेयेनोर्ड क्लबाविरुद्ध युएफा चषकाची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, अंतिम लढत झाली. तिथे कोलरनं लांबून मारलेला गोल शोधून जरूर पाहा. डॉर्टमुंड 3-2 असं हरलं, त्यामुळे त्या गोलाचं कौतुक राहूनच गेलं. चेंडू हवेतून खाली येतोय, भलामोठा पाय फिरतो आणि जाळं हलतं. डोक्याचा काही संबंधच नाही.

इथे आमच्या शेजारच्या आजोबांना आणायलाच हवं, कारण कोलर कसा बघायचा हे मला त्यांनी शिकवलं. रविवारी दुपारी आसपासच्या गावांत जिल्हा पातळीचे सामने असतात. स्टेडियम वगैरे नाही. मैदानाभोवती लोखंडी पाइपचं कुंपण, त्याला रेलून उभी असलेली माणसं, कोपऱ्यात सॉसेज भाजणारे कार्यकर्ते, कागदाच्या ताटलीत मोहरी आणि पावाचा तुकडा, हातात बिअरचे पेले. तिकीट नाममात्र. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमीच्या टीमसाठी जो आरडाओरडा होतो त्याच्या दहाव्या हिश्शानंही इथे होत नाही. लाइनमनला मात्र दोन्हीकडे सारख्याच शिव्या बसतात.

अशाच एका सामन्यात एका टीमचा उंच फॉरवर्ड हेडर चुकवत होता आणि लोक हसत होते. आजोबा मला म्हणाले, ‘डोक्याकडे बघू नका. त्याची छाती बघा. आणि चेंडू खाली पडेल तेव्हा जवळ कोण आहे ते बघा.’ मग त्यांनी पोर्तुगालमधल्या अवेरो शहरातला सामना काढला. पीसेकच्या भागात सामन्याच्या गप्पा रंगल्या की अवेरो येतोच.

युरो 2004, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, पोर्तुगाल, 19 जून. नेदरलँड्स एकोणीस मिनिटांत 2-0 नं पुढे. कोलर एक गोल परत करतो. तेविसावं मिनिट, डच खेळाडूंचा गोंधळ, कोलरचा आघाडीतला जोडीदार मिलान बारोश चेंडू पळवतो, बाजूला सरकवतो आणि कोलर तो गोलात ढकलतो. लगेच प्रशिक्षक कारेल ब्रुकनर पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच एका बचावपटूला बाहेर काढून श्मित्सरला आत घेतात. पण आजोबांचा मुद्दा 71 व्या मिनिटाचा. डावीकडून चेंडू येतो. कोलरच्या पाठीला बचावपटू चिकटलेले. तो उडी मारत नाही, हेडर मारत नाही. छातीवर घेऊन चेंडू अलगद मागे सोडतो, आणि पळत येणारा बारोश तो हवेतच जाळ्यात मारतो. 2-2. शेवटी श्मित्सरचा गोल, 3-2. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोलांचा मान बारोशला मिळाला, पाच गोल. छातीवरून चेंडू उतरवून देणाऱ्याला कुठला मान नसतो.

मी तो क्षण मागे-पुढे करून पुष्कळदा बघितला आहे. चेंडू छातीवर येण्याच्या क्षणी कोलर खांदे किंचित आत घेतो, म्हणजे चेंडू उसळत नाही, घसरतो. एवढ्या थोराड माणसाकडे हा हलकेपणा आला कुठून? गोलकीपर लहानपणापासून हेच शिकतो, चेंडू अंगावर घ्यायचा, उसळू द्यायचा नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण मला पटलेला तर्क आहे.

त्या गोलकीपिंगची जाहीर परीक्षा 9 नोव्हेंबर 2002 ला म्युनिकमध्ये झाली. बायर्नविरुद्ध डॉर्टमुंडचा पहिला गोल कोलरनंच केलेला. नंतर बायर्न 2-1 असं पुढे गेलं, आणि दुसऱ्या हाफमध्ये गोलरक्षक येन्स लेमानला लाल कार्ड मिळालं. बदली खेळाडू घ्यायची सोय उरली नव्हती. कोलरनं हातमोजे चढवले आणि उरलेला वेळ गोलात काढला. त्याच्यावर एकही गोल झाला नाही. मिखाएल बालाकचा एक चांगला फटकाही त्यानं अडवला. ‘किकर’ या जर्मन नियतकालिकानं त्या आठवड्याच्या सर्वोत्तम संघात त्याला घेतलं ते गोलरक्षक म्हणून! गोल करणारा फॉरवर्ड आणि आठवड्याचा गोलरक्षक, एकाच सामन्यात. डॉर्टमुंड हरलं होतं, तरी हा किस्सा इथे जिंकल्याच्या थाटात सांगतात.

2004 मध्ये उपांत्य फेरीत ग्रीसनं जादा वेळेत 1-0 नं घरी पाठवलं. त्या जखमेबद्दल इथे फार बोलत नाहीत. 2006 चं मात्र बोलतात, आणि त्यात कोलरच मध्यभागी आहे. 1993 ला देश वेगळा झाल्यावर चेक प्रजासत्ताकाचा हा पहिलाच विश्वचषक. फिफाच्या यादीत संघ दुसऱ्या क्रमांकावर. नेदवेद, रोसित्स्की, पोबोर्स्की, चेख असा भरलेला संघ. कोलर आदल्या शरद ऋतूत गुडघ्याचा लिगामेंट फाटल्यामुळे जवळजवळ सगळा हंगाम बाहेर होता. स्पर्धेपुरता कसाबसा उभा राहिला होता.

12 जून, गेल्सेनकिर्खन. शाल्केचं मैदान, म्हणजे डॉर्टमुंडवाल्याला शत्रूचं घर. अमेरिकेविरुद्ध पाचव्याच मिनिटाला ग्रिगेराचा क्रॉस आणि कोलरचा हेडर. होय, हा डोक्यानंच, कबूल. सामना 3-0 जिंकला. पण हाफटाइमच्या आधीच कोलरच्या मांडीचा मागचा स्नायू गेला आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. नंतर घानाविरुद्ध 0-2, इटलीविरुद्ध 0-2, खेळ खलास. तो गेल्यावर या संघाला उरलेल्या दोन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. बारोशही दुखापतीनं बेजार होता आणि दोन्ही सामन्यांत लाल कार्डंही पडली, हे खरं. तरीही पुढे चेंडू धरून ठेवणारा माणूस नसला की मागच्या कलावंतांचं काय होतं, ते त्या दोन सामन्यांत दिसलं. नेदवेदचे पाय सोन्याचे असतील, पण पास द्यायला समोर कुणीतरी लागतो ना.

आणि मग जिनिव्हा, युरो 2008. तुर्कस्तानविरुद्ध शेवटचा गट सामना, जिंकेल तो पुढे. बरोबरी झाली असती तर पेनल्टी शूटआउट. 34 व्या मिनिटाला कोलर, नंतर प्लाशिल, 2-0. शेवटच्या पंधरा मिनिटांत तुर्कस्तानचे तीन गोल. 87 व्या मिनिटाला आपला गोलरक्षक पेत्र चेखच्या हातून क्रॉस निसटला आणि निहातनं बरोबरी केली. दोन मिनिटांनी त्यानंच तिसरा मारला. जादा मिनिटांत तुर्कस्तानचा गोलरक्षक वोल्कान यानं कोलरला ढकललं, लाल कार्ड. त्यांच्याकडेही बदली संपलेले, म्हणून तुंजाय हा फॉरवर्ड गोलात उभा राहिला. गोलकीपिंग खरोखर येणारा एक फॉरवर्ड त्या क्षणी मैदानावर होता, पण तो समोरच्या टीममध्ये आणि हरलेला.

त्यानंतरची कारकीर्द थोडक्यात आवरते. डॉर्टमुंड त्यानं 2006 लाच सोडलं होतं. मोनाको, मग अर्धा हंगाम न्युर्नबर्ग (तो क्लब त्या वर्षी खाली घसरला), मग रशियात समाराचा क्रिल्या सोव्हेतोव्ह. 2009 मध्ये राष्ट्रीय संघानं पुन्हा बोलावलं, थोडा खेळला, पण ते काही खरं नव्हतं. शेवटी फ्रान्सच्या तिसऱ्या पातळीवर कान क्लबाकडून खेळला आणि 2011 च्या ऑगस्टमध्ये दुखापतींना कंटाळून थांबला. वय 38. चित्रपट महोत्सवाच्या शहरात, तिसऱ्या पातळीच्या मैदानावर. मला यात काही केविलवाणं वाटत नाही. ज्यानं सुरुवात खेड्याच्या टीमपासून केली त्याला पातळीचं काय कौतुक?

आता इथल्या पोरांच्या अंगावर पात्रिक शिकच्या नावाचा शर्ट असतो. युरो 2020 मध्ये स्कॉटलंडविरुद्ध जवळजवळ मैदानाच्या मधूनच त्यानं जो गोल टाकला तो पोरं अजून एकमेकांना मोबाइलवर दाखवतात. गेल्या वेळी कुंपणापाशी एका पोरानं आजोबांना ठणकावून विचारलं, कोलरला असा एक तरी गोल जमला का? आजोबांनी सॉसेज संपवलं, बोटं पुसली आणि म्हणाले, ‘त्या शिकला म्हणावं, 55 गोल कर आधी. बारोश 41 वर थांबला, आणि त्याच्या पुढ्यात तर कोलर होता.’ पोरगं गप्प बसलं नाही, वाद दुसऱ्या हाफभर चालला.