हात पुढे कर

परवा दुपारी एका रांगेत उभा होतो. रांग हलत नव्हती. एवढ्यात माझ्या बाहीला काहीतरी लागलं म्हणून वळून पाहिलं, तर मागच्या अनोळखी बाई माझ्या स्वेटरच्या बाहीची कड दोन बोटांत धरून, उलटी करून बघत होत्या. आतून. चष्मा कपाळावर सरकवून. मी बघतोय हे लक्षात आल्यावरही त्यांनी कड सोडली नाही.

"रिब बारीक सुईवर घेतलीय ना?"

"हो. अंग नऊ नंबरवर, रिब बारावर." (रिब म्हणजे कडेची ताणली जाणारी पट्टी. सुयांच्या जुन्या मापात नंबर चढला की सुई बारीक होते. का, ते विचारू नये.)

"तरीच. कुणी विणलाय?"

"मीच."

त्यांनी मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, पुन्हा बाही हातात घेतली आणि आता खांद्यापाशी जोड तपासू लागल्या.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! न विणणारी माणसं लांबून बघतात आणि ठरलेली दोन वाक्यं बोलतात. "केवढा वेळ लागला असेल नाही?" आणि "एवढं करायचं, त्यापेक्षा विकत आणावा." विणणारा माणूस काही न बोलता कापड उलटं करतो. समोरची बाजू थोड्या सरावानंतर कुणालाही साधते. लोकरीचा नवा गुंडा कुठे जोडला, सुटं टोक कसं दडवलं, दोन रंगांचं काम असेल तर मागून जाणारे धागे घट्ट ओढलेत की सैल सोडलेत, हा सगळा हिशेब पाठीमागे लिहिलेला असतो. अनोळखी माणसाच्या कपड्याला हात लावणं बरं नव्हे, हे या जमातीला कुणी शिकवलेलं नाही. शिकवूही नये.

तसं पाहिलं तर विणकामात आहे काय? सुलट टाका आणि उलट टाका. तेही दोन नव्हेतच. सुलट टाक्याला पलीकडे बसलेल्या माणसाने पाहिलं की तो उलट दिसतो. एका फासातून दुसरा फास काढायचा, एवढीच करामत. वेण्या, जाळ्या, नक्षी, टाचेचं वळण, सगळं त्यातूनच निघतं. आणि वर, शेवटचं टोक धरून ओढलं की अख्खा स्वेटर पुन्हा एका धाग्यात परत. शिंप्याची कात्री एकदा चालली की चालली. आमच्याकडे सगळं मागे घेता येतं, आणि मला वाटतं, आयुष्यात एरवी ठाम असणारी माणसं विणताना इतकी बेफिकीर होतात ती यामुळेच. आत्या गळ्यापर्यंत आलेला स्वेटर मनासारखा नाही म्हणून हसत हसत उसवायची. घरातल्या बाकी कुठल्याही बाबतीत ती शब्द मागे घेत नसे.

उसवणं हा आमच्या लहानपणी मोठा सोहळा होता. मोठ्या भावंडाला स्वेटर तोकडा झाला की तो उसवायचा, त्यात दुसऱ्या रंगाचा पट्टा घालून धाकट्यासाठी नवा विणायचा. उसवलेली लोकर कुरळी निघते. टाक्यांचे बाक तिच्या अंगात राहिलेले असतात. तशीच विणली तर कापड खडबडीत होतं. म्हणून तिची लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यातून काढायची आणि खाली थोडं वजन अडकवून वाळत घालायची. वाळेपर्यंत ती सरळ होते. मग लडीचा गुंडा. आणि गुंड्यासाठी लागायचो मी.

"हात पुढे कर."

दोन्ही हात कोपरात वाकवून समोर धरायचे, अंगठे वर. त्यांच्यावर लडी चढायची. आत्या समोर बसून टोक शोधायची आणि गुंडा सुरू. लडी धरणं म्हणजे नुसतं खांब होऊन बसणं नाही. धागा डाव्या हातावरून सुटत असेल तेव्हा डावा हात किंचित कलायला हवा, उजवीकडून येईल तेव्हा उजवा. अंगठा वेळेवर बाजूला व्हायला हवा. ती लय जमली की धागा आपसूक निघतो. चुकली की आत्या वर न बघता "झोपलास का?" म्हणायची. ती गुंडा नेहमी बोटांवरून गुंडाळायची, मधूनच बोटं काढून घ्यायची, म्हणजे तो सैल राहतो. घट्ट गुंड्यात लोकर ताणून बसते, ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात स्वेटर आखडतो. हे तिने मला सांगितलं नव्हतं. मी फक्त तिथे होतो. हात अडकलेले, नाक खाजतंय, उठायची सोय नाही.

आणि त्यामुळे मी सगळं ऐकलं. दुपारी जमणाऱ्या चार-पाच बायकांना, लडी हातात घेतलेलं पोर म्हणजे माणूस वाटतच नसे. माझ्या डोक्यावरून काय काय गेलं! कुणाचं लग्न कशावरून मोडलं, कुणाच्या नवऱ्याचा पगार घरी पोचत नाही, कोण कुणाशी का बोलत नाही. गंमत म्हणजे सगळ्यांत अवघड गोष्ट कुणी तोंड वर करून सांगत नसे. सगळ्यांच्या नजरा सुयांवर, आणि मधेच कुणीतरी शांतपणे म्हणायचं, "डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलंय." सुया थांबत नसत. थोड्या मंदावत. मग कुणी विचारायचं, कधी जायचंय दवाखान्यात, सोबत कोण आहे. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, ही केवढी सोय आहे! नुसतं बसून ऐकणाऱ्यासमोर माणूस अवघडतो, काहीतरी करत ऐकणाऱ्यासमोर मोकळा होतो. मी आजही विणणाऱ्या मंडळींत जाऊन बसतो ते मुख्यतः याच्यासाठी. लोकर तर काय, घरीही पुष्कळ आहे. या जन्मात विणून होणार नाही एवढी आहे.

भांडणंही व्हायची. धागा डाव्या तर्जनीवर धरायचा की उजव्या हाताने सुईवर टाकायचा, हा वाद आत्या आणि शेजारच्या काकूंमध्ये मी शाळा सोडेपर्यंत मिटला नव्हता. शिवाय काकू क्रोशावाल्या. साखळी, मुका खांब, खांब, अशी टाक्यांची नावं पुटपुटत त्या आकड्याच्या एकाच सुईवर भराभर काम उरकायच्या आणि दोन सुयावाल्यांकडे जरा दयेने पाहायच्या. आत्याच्या मते क्रोशा म्हणजे रुमालाच्या कडेपुरती कला. काकूंना पुढचं कळायला हवं होतं: १९९७ साली डायना टायमिन्या या लॅटव्हियातून कॉर्नेल विद्यापीठात आलेल्या गणितज्ञ बाईंनी क्रोशाने चक्क एक भूमिती विणली. हायपरबोलिक प्रतल नावाचा, कडेकडे जाईल तसा पसरतच जाणारा, झालरी पडणारा पृष्ठभाग असतो. गणितज्ञ तो कागदाच्या नाजूक मॉडेलांवर दाखवत. या बाईंनी ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत नेला आणि तो हातात घेऊन चुरगळता येईल असा केला. शिवाय दोन सुयांच्या विणकामाची यंत्रं झाली, पण खरा क्रोशा करणारं यंत्र अजून कारखान्यात आलेलं नाही. काकू या एका वाक्यावर पुढची दहा वर्षं जगल्या असत्या.

पहिलं यंत्र १५८९चं. इंग्लंडात विल्यम ली नावाच्या माणसाने मोजे विणायची चौकट केली, आणि पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट नाकारलं. हातांनी विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल ही तिला काळजी होती, असं सांगतात. यंत्रं आली ती आलीच. आता पोटासाठी म्हणून विणणारी माणसं थोडीच उरली. बाकीचे आम्ही उगाच विणतो. नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने २०१३मध्ये एका रात्री मेंढी भादरण्यापासून स्वेटर पुरा होईपर्यंतचं सगळं काम थेट दाखवलं. घाई न करता, तासन् तास. वेगाचा विक्रम मोडायचा होता, तो काही मोडला नाही. मला ते फार आवडलं. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सूर मारून सुवर्णपदक मिळवलेला टॉम डेली दुसऱ्यांची स्पर्धा बघत प्रेक्षकांत बसून विणत होता. पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने पिशवीही विणली होती. तो फोटो आला तेव्हा मला ओळखीच्या कितीतरी जणांनी पाठवला. जणू माझी बाजू कुणीतरी वरच्या कोर्टात मांडली. बाजू मांडायचीच तर मी पेरूतल्या टिटिकाका सरोवराचं उदाहरण देईन. तिथल्या ताकिले बेटावर टोप्या पुरुष विणतात, पोरं लहानपणीच शिकतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही.

पण माझं सगळ्यांत लाडकं चित्र वेगळंच आहे. जर्मनीत इ. स. १४००च्या सुमाराला मास्टर बर्ट्राम नावाच्या चित्रकाराने एका चर्चसाठी वेदीची चित्रं केली. त्यातल्या एकात मेरी येशूसाठी अंगरखा विणतेय. बिनशिवणीचा, गोल, चार सुयांवर. आणि काम आलंय गळ्यापाशी. तो गळा बघितला की कळतं, चित्रकाराच्या घरात कुणीतरी विणणारं होतं. नुसत्या कल्पनेने काढणाऱ्याला सुया अशा बसवता आल्या नसत्या. आता देवदूतही समोर उभे आहेत म्हणा, पण बाईंचं लक्ष गळ्यावर. बरोबरच आहे. गळ्याचे टाके उचलताना कुणीही आलेलं चालत नाही.

लडी उलगडायला छत्रीसारखी गोल फिरणारी चरखी मिळते. एकट्याने गुंडा करता येतो, धागा सरसर सुटतो. मी ती घेतलेली नाही, घेणार नाही. खुर्चीच्या पाठीवरही लडी चढवत नाही. कुणी घरी आलं की मी म्हणतो, "जरा हात पुढे करा." पाहुणे आधी चमकतात. मग पाचेक मिनिटांत त्यांचे हात आपोआप कलायला लागतात आणि काहीतरी बोलणं निघतं, जे एरवी निघालं नसतं. घरच्यांना हा छळ वाटतो. असेल.

हाताची गोष्ट निघालीच आहे. तीच लोकर, तीच सुई, तेच टाके, तरी दोन माणसांचं कापड सारखं येत नाही. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. म्हणून आधी दहा सेंटिमीटरचा नमुना विणून टाके मोजावेत, असं सगळे सांगतात आणि सगळे टाळतात. आयर्लंडच्या आरन बेटांवर म्हणे प्रत्येक घराण्याची स्वेटरची वीण वेगळी असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख त्यावरून पटे. ही गोष्ट पर्यटकांना फार आवडते, पण ती खरी नाही. तिचं मूळ बहुधा आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या 'रायडर्स टू द सी' या १९०४च्या एकांकिकेत असावं. तिथे स्वेटरही नाही आणि घराण्याची वीणही नाही. एका बुडालेल्या माणसाचा मोजा घरी येतो आणि त्याची बहीण टाके मोजते. साठ घातले होते, चार सुटले होते. तिसऱ्या जोडीतला दुसरा मोजा. म्हणजे तोच. विणणाऱ्या कुणालाही हे पटेल. नक्षी कुणीही उचलतं. सुटलेले टाके ज्याचे त्यालाच माहीत असतात.

आत्याच्या पिशवीत एक बाही राहिली. कोपराच्या थोडी वर आलेली, सुयांवरच. पाठ, पुढचे दोन भाग, दुसरी बाही, सगळं तयार आहे. अशी राहिलेली कामं पुरी करून देणारी माणसं असतात. अमेरिकेत २०२२मध्ये 'लूज एंड्स' नावाने हे काम सुरू झालं. गेलेल्या माणसाचं अर्धं विणकाम घरच्यांनी पाठवायचं आणि कुणीतरी अनोळखी, ज्याला ती वीण येते, त्याने ते पुरं करून परत द्यायचं, मोबदला न घेता. ते लोक आधी मूळ विणणाऱ्याचा हात घट्ट की सैल ते बघतात, मग सुई एखादा नंबर वर-खाली करतात, म्हणजे कुठे हात बदलला ते दिसू नये.

आत्याचा हात घट्ट होता, माझा सैल आहे. एक नंबर बारीक सुई घेतली की जमेल, मी नमुना विणून पाहिलाय. पण ते दिसू नये असं मला वाटत नाही. एवढ्यावरच अडलंय.